जाड टोक, बारीक टोक

२१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ७

प्रथम सर्वांची तब्येत. कौसाबाई: डावा गुडघा ओल्या हवेने कुरकुरतोय, तोंड ठीक. मुलगी यशोधरा, मुक्काम अंबरनाथ: सर्दी, तरी कामावर जाते. जावई विक्रांतराव: एमआयडीसीत या आठवड्यात सेकंड शिफ्ट, झोप कमी. मागच्या दारची मांजर: पोटुशी असावी. मी स्वतः: वय एकाहत्तर, प्रकृती उत्तम, हात स्थिर.

कालपासून घरात एक पेशंट वाढला आहे. कॉलेजचा लेझर. यशूने रिक्षातून मांडीवर घेऊन आणला, बाळंतीण माहेरी बाळ घेऊन येते तसा. हातभर लांब काचेची नळी, आत गॅस भरलेला. एक टोक जाड, एक बारीक. सोबत सप्लायचा डबा. तो नळीला हजारो व्होल्ट देतो, मग नळी पेटते, लाल किरण निघतो आणि समोरच्या भिंतीवर ठिपका पडतो. पडायचा. आता नुसती टिक-टिक-टिक, क्षणभर गुलाबी उजेड, की परत अंधार.

यशू त्या कॉलेजात आठ वर्षं टेम्पररी लॅब असिस्टंट. १२ सप्टेंबरला कमिटी येणार. लेझरचा प्रयोग यशूने दाखवायचा. तो नीट झाला की हेड वृंदा मॅडम तिचं नाव परमनंटसाठी पुढे करणार. कंपनीचा माणूस म्हणतो, पंधरा तारखेच्या आत जमणार नाही. तेव्हा यशूने मॅडमना सांगितलं, माझ्या बाबांनी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये चाळीस वर्षं टीव्ही रिपेअर केले, ते बघतील. गेटपासवर सही यशूची.

चाळीस नाही, एक्केचाळीस वर्षं. पण असू दे, सांगितलं तर खरं.

संकल्प: तीन दिवसांत पेशंट ठणठणीत.

२२ ऑगस्ट. सकाळी १०

यशूने लेझरच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली आहे, चार पानं. म्हणाली, बाबा, हात लावायच्या आधी हे वाचा. इंग्रजी आहे. मी शाळेत नववीपर्यंत, पुढचं सगळं सोल्डरिंगच्या धुरात शिकलो. कागदावरून शिकलेला मेकॅनिक मी अजून पाहिलेला नाही.

टेबलाचा एक पाय आखूड आहे, डुगडुगतं. हाय व्होल्टेजच्या कामाला टेबल पक्कं पाहिजे. झेरॉक्सची घडी पायाखाली बरोबर बसली.

दुपारी ४

आमच्या धंद्याचा पहिला नियम: हाय व्होल्टेजला एका हाताने काम, दुसरा हात खिशात. दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातो. हा नियम मी जन्मभर पाळला, म्हणून आज ही वही लिहितोय. पण दुकान बंद करून बदलापूर गावात राहायला आल्यापासून अंगावर लुंगी असते. लुंगीला खिसा नाही. कौसाबाईला म्हटलं, जुन्या पायजम्याला खिसे शिवून दे. ती म्हणाली, घरात बसून खिशात काय ठेवणार, गेटच्या किल्ल्या?

डावा हात कमरेवर ठेवून काम चालू केलं. तेवढंच.

२३ ऑगस्ट. दुपारी १२

किरकोळ प्रकार. बटण बंद, पिन भिंतीतून काढलेली, नळी डब्यापासून सोडवलेली. तरी नळीने मारलं. मेलेल्या सापाने डसावं तसं. काच आत करंट साठवून बसली होती. डावा हात कमरेवरून कधी खाली आला, कळलं नाही.

मी मोरीपाशी बसलेला आढळलो. म्हणजे कौसाबाईला आढळलो. टेबल ते मोरी सहा पावलं आहे, ती कशी टाकली ते आठवत नाही. तिला सांगितलं, स्क्रू शोधतोय. ती म्हणाली, डोळे मिटून?

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जरा सुन्न. कॅल्शियम कमी असणार.

२४ ऑगस्ट, रविवार

कॅम्प दोनला होतचंदच्या पार्टच्या दुकानात गेलो. माझं दुकान बंद झालं तरी त्याच्याकडे माझं स्टूल अजून आहे, कोणी बसलं तर उठवतो. सगळं सांगितलं, मोरी सोडून. तो म्हणाला, आनंदाभाऊ, ये पिक्चर ट्यूब नहीं है साईं, पहले इसका कागज पढो. मी म्हटलं, कागद कामात आहे. खोटं नाही बोललो.

मग म्हणाला, बारिश का मौसम है, प्लग खोलके अच्छा सुखाओ, हाय व्होल्टेज में सीलन पहले पकडती है. ओल म्हणे. एक्केचाळीस वर्षं पार्ट विकणं वेगळं आणि बसवणं वेगळं. पण मित्र आहे, तोंडावर बोललो नाही. चहा पिताना कप डाव्या हातातून सुटला. होतचंद कपाकडे न बघता हाताकडे बघत राहिला. म्हणाला, घर जाके आराम करो.

जोडावर चढवायची स्लीव्ह आणि सोल्डर घेऊन आलो.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११

आज आधी नळीला शिव्या दिल्या, मग प्लग कापून टाकला. प्लग म्हणजे डबा आणि नळी यांच्या मधला सांधा. जितके सांधे तितकी दुखणी. सरळ वायरीला वायर सोल्डर करायची.

कापताना जे दिसलं त्याने अंगावर काटा आला. कंपनीने वायरी उलट्या जोडल्या आहेत. लाल, म्हणजे प्लस, बारीक टोकाला. काळी, म्हणजे मायनस, जाड टोकाला. ज्याने आयुष्यात एक जरी पिक्चर ट्यूब काढली असेल त्याला विचारा: बारीक मान मायनस, जाड पोट प्लस. हजारो ट्यूबा या हातांखालून गेल्या. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनियर, आणि बिचारी नळी आठ वर्षं उलटी चालली. दमली म्हणून टिकटिकते.

माणसाकडून चूक होते. मी कंपनीला माफ केलं आणि वायरी सुलट जोडल्या.

दुपारी १२.२०

पेटली. एक टिक, आणि नारिंगी-गुलाबी उजेड, आणि भिंतीवर कॅलेंडरशेजारी लाल ठिपका. कौसाबाई पळी घेऊन बघायला आली. म्हणाली, एवढ्यासाठी एवढं? पण उभी राहिली जरा वेळ.

यशूला फोन केला. हसली. लहानपणी दुकानात सेट चालू झाला की हसायची तसं. मग विचारलं, बाबा, वायरी होत्या तशाच जोडल्या ना? मी म्हटलं, होत्या त्याहून बरोबर. पण तिकडे कॉलेजची घंटा झाली, ऐकलं की नाही माहीत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

यशू म्हणाली उद्या न्यायला येते. मी नको म्हटलं. रिपेअर झालेला सेट आमच्याकडे लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. रनिंगला ठेवायचा. रोज आठ-आठ तास चालवायचा, घरच्या घरी काय बिघडायचं ते बिघडू द्यायचं. कमिटीसमोर बंद पडला तर? दहा तारखेपर्यंत रनिंगला ठेवतो. ती म्हणाली, इतके दिवस कशाला. मी म्हटलं, तुझ्या नोकरीचं काम आहे म्हणून.

सकाळी आठला चालू, दुपारी चारला बंद.

२९ ऑगस्ट

तब्येती. कौसाबाई: गुडघा तसाच. त्या कोपऱ्यात केर काढायला जात नाही, म्हणते तिथे आभाळ कडाडल्यानंतर येतो तसा वास येतो. मांजर: घरात यायची बंद झाली. दारात बसते, टेबलाकडे बघते, निघून जाते. पोटुशी जनावरं लहरी असतात.

पेशंट: बारीक टोक फार तापतं. इतकं की जवळ तळहात नेला तरी कळतं. जाड टोक मात्र गार. नव्या सवयीने अंगात थोडी कणकण येणारच. आठ वर्षं उलटा झोपलेला माणूस सुलट झोपला तर पहिले दिवस पाठ दुखते.

टेबलामागे पाल मेलेली सापडली. पाली मरतातच.

३१ ऑगस्ट, रविवार

भिंतीवरचा ठिपका फिका वाटतो. कारण शोधून काढलं: गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा मांडव, लायटिंग, स्पीकर. व्होल्टेज डाऊन. मंडळाच्या पोरांना जाऊन समजावलं की तुमच्या माळांमुळे एका मुलीची नोकरी अडली आहे. पोरं चांगली आहेत, अर्धा तास माळा बंद केल्या. ठिपका तेवढाच राहिला. वायरीत जुना डाऊन व्होल्टेज शिल्लक असणार.

प्रसादाचा मोदक आणला. डाव्या हातात धरला होता, घरी आल्यावर पाहिलं तर हातात नव्हता.

२ सप्टेंबर

भिंतीचा दोष. चुना पिवळा पडला आहे, लाल त्यात बुडतो. पांढरा कागद चिकटवला. कागदावर ठिपका दिसतो, पण आधी टिकलीएवढा ठसठशीत होता, आता पुसलेल्या कुंकवासारखा. कागद चांगल्या प्रतीचा नसावा.

नळी मात्र छान पेटलेली आहे. मधूनमधून लपलपते, दिव्याला वारा लागावा तशी. खिडक्या बंद केल्या.

४ सप्टेंबर. दुपारी ३

नळीच्या बारीक टोकाला आतून तपकिरी डाग दिसला. आतला आरसा तिथेच बसवलेला आहे. उकळलेल्या चहाचा कपाला बसतो तसा डाग. बाहेरून पुसून पाहिला, जात नाही. परवा एवढा नव्हता. किंवा परवा मी नीट पाहिलं नव्हतं.

यशूला सांगायचं का? नको. उगीच घाबरेल, प्रयोगाचं पाठांतर चालू आहे तिचं. विक्रांतराव सांगत होते, रात्रपाळीहून आलो की ही आरशासमोर उभी राहून कमिटीला समजावत असते. काल जेवताना वरणाच्या वाटीला सर म्हणाली.

संकल्प: उद्यापासून रनिंग चारच तास.

६ सप्टेंबर

रनिंग आठ तास. चार तासांत काय कळणार.

कौसाबाईला बोलावून विचारलं, ठिपका कुठे आहे दाखव. तिने कागदाजवळ जाऊन नाक लावून पाहिलं. म्हणाली, कागद दिसतो. तिला चष्म्याची गरज आहे. तसं सांगितलं. ती म्हणाली, अहो, मला सुईत दोरा ओवता येतो, तुम्हाला गेल्या आठवड्यापासून लुंगीची गाठ मारता येत नाही. उजव्या हाताने एकट्याने मारताय, मी बघते. काय झालंय त्या हाताला?

मी म्हटलं, कॅल्शियम.

८ सप्टेंबर

स्टेशनजवळ चष्मेवाल्याकडे गेलो. माझाही नंबर तपासून घ्यावा म्हटलं, खबरदारी म्हणून. त्याने सगळ्या बारीक ओळी वाचून घेतल्या. म्हणाला, काका, नंबर आहे तोच आहे, नजर साठीच्या माणसाची आहे.

नुसतं मशीन ठेवून बसतात, तपासता येत नाही. दुसरीकडे दाखवावं लागेल.

१० सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ६

यशू न्यायला आली. विक्रांतराव रिक्षा थांबवून बाहेर. मी चालू करून दाखवला. नळी पेटली. यशूने भिंतीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग खिडकी लावली आणि परत पाहिलं. म्हणाली, बाबा, बीम कुठे आहे?

मी समजावलं, इथे उजेड फार. तुमच्या लॅबला काळे पडदे आहेत, तिथे दिसेल. शिवाय पेशंट घरी एक आणि दवाखान्यात एक असा वागतो.

ती खाली वाकली. मी सोल्डर केलेल्या जोडावरून बोट फिरवलं, लाल वायर कुठे जाते, काळी कुठे. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं जोडाचं कौतुक करणार. जोड खरंच सुबक आहे, एका हाताने केलेला आहे.

मांडीवर लेझर घेऊन रिक्षात बसली. मला म्हणाली, बाबा, तुम्ही जेवून घ्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ९. आज कमिटी. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून फोनजवळ बसलो आहे.

१२.३०. चालू असणार.

३.१५. चहापान असणार. कमिटीला आवडलं की चहापान लांबतं.

५. फोन नाही. काम चांगलं झालं की माणूस आनंदात फोन करायला विसरतो.

६.४०. मांजर व्याली. चार पिल्लं. शेजारच्यांच्या घरात.

१३ सप्टेंबर

मीच फोन केला. विक्रांतरावांनी उचलला. म्हणाले, झोपलीय. सकाळचे अकरा वाजले होते. यशू आयुष्यात अकरापर्यंत झोपलेली नाही. मी विचारलं, ठिपका पडला का? ते म्हणाले, येतो दोन-चार दिवसांत.

कॉलेजचा करंट खराब असणार. मी तिथे जाऊन अर्थिंग बघायला हवं होतं. संकल्प: वृंदा मॅडमना अर्थिंगबद्दल पत्र.

१७ सप्टेंबर, बुधवार

विक्रांतराव आले. चहा घेतला नाही. खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. कंपनीचा माणूस सोमवारी येऊन गेला, त्याच्या रिपोर्टची नक्कल. विक्रांतरावांनी मराठीत वाचून दाखवली, हळू, शाळेत धडा वाचतात तसं.

नळी उलट जोडून बरेच दिवस चालवली. बारीक टोकाचा आरसा आतून जळाला. नळी बाद. सप्लाय चांगला. मूळ दोष, प्लगमध्ये ओल. कापसाने पुसून सुकवला असता तर चालला असता.

मी म्हटलं, पण माझ्या हातात तर पेटला होता. विक्रांतराव म्हणाले, ओला प्लग कापला म्हणून पेटला, बाबा. वायरी फिरवल्या म्हणून नाही.

मग कमिटीचं सांगितलं. काळे पडदे लावले, यशूने बटण दाबलं, नळी पेटली, भिंत काळीच राहिली. नंतर रजिस्टरमध्ये रकाना होता, जोडणी कोणी केली. यशूने स्वतःचं नाव लिहिलं. वृंदा मॅडमनी विचारलं, तुझ्या वडिलांनी ना? ती म्हणाली, नाही मॅडम, त्यांनी नुसतं पाहिलं, वायरी मी फिरवल्या. या वर्षी तिचं नाव पुढे जाणार नाही.

विक्रांतराव गेल्यावर टेबल उचललं आणि पायाखालची झेरॉक्स काढली. घडीवर टेबलाच्या पायाचा गोल ठसा उमटला आहे. तिसऱ्या पानावर चित्र. नळीचं जाड टोक, शेजारी मोठी उणे खूण. बारीक टोक, शेजारी अधिक खूण. चित्रच होतं. इंग्रजी यायची गरजच नव्हती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७

ही वही मी माझ्यापुरती लिहितो. पण आजचं पान फाडून विक्रांतरावांबरोबर पाठवतो आहे, ते आज कामावर जाताना इकडून जाणार आहेत. यशू, हे तुला.

प्रथम सर्वांची तब्येत. आईचा गुडघा बरा. पिल्लं चारही बरी, त्यांची आई परत आपल्या दारात येते, टेबल रिकामं झाल्यापासून. मी: डाव्या हाताची दोन बोटं अजून झोपलेली आहेत. ते कॅल्शियम नाही. तेवीस ऑगस्टला नळीने मारलं होतं, मी मोरीपाशी जाऊन पडलो होतो. काल आईला खरं सांगितलं. ती रागावली नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. सोमवारी डॉक्टरकडे नेणार आहे.

वृंदा मॅडमना पत्र लिहिलं, सोबत आहे, तू स्वतः नेऊन दे. चार वेळा लिहिलं. पहिलं तीन पानी झालं, त्यात पिक्चर ट्यूबच फार होती. दुसऱ्यात होतचंद आला. तिसऱ्यात मांडव. चौथं दोन ओळींचं आहे: वायरी मी उलटवल्या, मुलीने नाही. तिने वाचायला दिलेला कागद मी वाचला नाही. खाली सही, आनंदा. तू रजिस्टरमध्ये माझ्यासाठी खोटं लिहिलंस. मला ते शोभत नाही आणि तुला तर अजिबात नाही. तेवढं खोड.

दहा तारखेला वाकून वायरी पाहिल्यास तेव्हाच तुला कळलं होतं ना? आणि मला जेवून घ्यायला सांगून गेलीस.

आईने पायजम्याला खिसे शिवले आहेत, दोन्ही बाजूंना. कॉलेजला नवी नळी आली की तू जोडताना मला बोलाव. मी फक्त एवढंच सांगेन की— नाही. काही सांगणार नाही. दाराशी उभा राहून बघेन, दोन्ही हात खिशात घालून.

रागावली असशील तर तसं लिही. पण लवकर लिही, दोन ओळी चालतील. विक्रांतराव रविवारी परत इकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर दे.